वाई ते धोम : कृष्णाकाठची पायवाट

आज आपण चालत जाणार आहोत. वाईपासून कृष्णेच्या काठाकाठाने मेणवली आणि तिथून धोम. सगळं मिळून आठेक किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. सकाळी भाकरी बांधून निघालं, तर दिवस मावळायच्या आत सहज परत येता येतं. हिवाळ्यात गेलात तर दोन्ही बाजूंना ऊस, हळद, शाळू असं हिरवंगार शिवार दिसेल. वाटेत इतिहासही भेटेल. पण तो कुणाच्या नावाने लिहिला गेलाय, तेही बघत जाऊ.

सुरुवात वाईच्या गणपती घाटावरून. इथला ढोल्या गणपती गणपतराव रास्ते यांनी 1762 साली बांधला. देवळाची मागची भिंत बघा, माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि देवळाला धक्का न लावता दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट करून द्यायची, हे त्या कारागिरांना कळलं होतं. रास्त्यांचं नाव दगडाबरोबर टिकलं. याच रास्ते घराण्यातली लेक गोपिकाबाई. नानासाहेब पेशव्यांची बायको आणि थोरल्या माधवरावांची आई. एवढ्या मोठ्या बाईचं माहेर वाईचं, हे मात्र घाटावर येणाऱ्या किती जणींना ठाऊक असतं?

इथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा चौकाचौकांचा वाडा, त्याच्या मागे नदीत उतरणारा अर्धचंद्रासारखा घाट. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या वेळची ही घंटा. चर्चमधली घंटा शंकराच्या देवळाजवळ आली, आणि अंगावरची आई-लेकराची मूर्ती कुणी खरवडून काढली नाही. थांबून बघावी अशी गोष्ट आहे.

नाना 1800 साली वारले. मागे राहिलेली त्यांची बायको जिऊबाई तेव्हा अगदी कोवळ्या वयाची होती. नवऱ्याचा दरारा गेल्यावर तिच्या हाती काय राहणार, हे इतरांनी काढलेल्या कागदांवर ठरलं. कारभाऱ्याच्या बायकोची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलावं?

मेणवली सोडली की वाट शिवारातून जाते. कुठे डांबरी, कुठे बांधावरून. ही पायवाट कुणी बांधली? कुणीच नाही. पाण्याला, धुण्याला, वैरणीला, खुरपणीला जाणाऱ्या बायांच्या पायांनी ती पडली. घाटाला दाता असतो, त्याचं नाव असतं. पायवाटेला नाव नसतं. म्हणून ती मोडली तरी कुणाला हळहळ वाटत नाही.

शेवटचा टप्पा धोम. इथल्या देवळातला नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवती कमळासारखं कोरलेलं कुंड आहे. कुंड भरलं की कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. गावाच्या वरच्या अंगाला धोमचं धरण. त्याच्या पाण्याने खालचं शिवार भिजतं, आत्ता आपण ज्या उसातून आलो तो त्यामुळेच उभा आहे. पण त्याच पाण्याखाली वरच्या गावांच्या जमिनी गेल्या. विस्थापितांसाठी राज्यात 1976 साली पुनर्वसनाचा कायदा झाला. जमिनीबदली जमीन मागायची, तर सातबारावर नाव लागतं. आणि सातबारावर बहुतेक ठिकाणी नाव होतं पुरुषाचं. जन्मभर त्या वाटेने चालणारी बाई कागदावर कुठेच नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, या चालण्यातून एक काम घरी घेऊन जायचं. आपल्या गावाचा नकाशा बघायचा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल मिळते. त्यावर एक तुटक रेघ असेल तर तो पायमार्ग, साधारण सव्वाआठ फुटांचा. दोन तुटक रेघा असतील तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. नकाशावरचा हा रस्ता कुणी नांगरून शेतात घेतला असेल, तर तहसीलदाराकडे दाद मागता येते.

एका शेतातून दुसऱ्या शेतात जायच्या वहिवाटीच्या वाटा मात्र बहुधा नकाशावर नसतात. अशी वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत विसरू नका. ‘आज बोलू, उद्या बोलू’ म्हणता म्हणता ती निघून जाते. शेतात जायला वाटच नसेल, तर 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते.

अशा वेळी साक्ष लागते. ती कोण देणार? चाळीस वर्षं डोक्यावर भारा घेऊन त्या वाटेने गेलेली आपली आजी, आपली सासू. तिला विचारा, वाट कुठून कुठे जात होती, कुठल्या आंब्याखाली वळत होती. गटाच्या पुढच्या बैठकीआधी सगळ्याजणी मिळून ती वाट चालून या. एकीने वहीत तारखेसकट लिहून ठेवा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही, त्यांचा अंगठा घ्या.

भाकरी बांधायला मात्र विसरू नका.