दुबईच्या दिरहमातला जुना रुपया

कोल्हापुरातून दुबईला जाणारा प्रवासी आता नवलाईचा राहिलेला नाही. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा, वाळवंटातली जीपची सफर आणि देरा भागातला सोन्याचा बाजार पाहून माणसे पाच-सहा दिवसांत परततात. ‘तेलाच्या पैशावर वाळूत उभे केलेले शहर’ हे त्यांचे ठरलेले वर्णन. जुन्या नोटा-नाण्यांच्या नादातून मी या शहराच्या इतिहासाकडे वळलो, तिथे जाऊनही आलो. आणि हे वर्णन मला अपुरे वाटू लागले. दुबईत तेल सापडले १९६६ साली. त्याआधीची दुबई रुपयावर चालत होती आणि तो रुपया नाशिकरोडला छापला जात होता.

हे नाते मुंबईच्या वाटेने जुळले. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या इंग्रज मोहिमेनंतर, १८२० साली, या किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाले. तिथले मोती विक्रीला मुंबईत येत. १९०९ मध्ये दुबईत उघडलेले पहिले टपाल कार्यालयही भारतीय टपाल खात्याचेच. पुढे जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बुडवला. दुबईच्या हाती उरली ती खाडी, शिडाची गलबते आणि आपल्या किनाऱ्याची जुनी ओळख.

स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते, मागणी मात्र घटली नव्हती. त्यामुळे इथला भाव जागतिक भावापेक्षा बराच चढा असे. दुबईत सोने आणणे कायदेशीर होते. तिथून दहा-दहा तोळ्यांची बिस्किटे गलबतांतून चोरवाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत. मोबदल्यात गेलेल्या रुपयाच्या नोटा आखातातल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात पौंड द्यावे लागत. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत आपलीच मध्यवर्ती बँक परकीय चलनात चुकती करत होती.

यावर उपाय म्हणून मे १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. रचना ओळखीची, रंग निराळे आणि क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर. दहाची नोट लाल होती. तिच्या मागच्या बाजूला शिडाचे गलबत होते. देशातल्या दहाच्या नोटेवरही ते असे. पण आखातातल्या नोटेवर ते पाहताना हसू आल्यावाचून राहत नाही. ज्या वाहनातून सोने येत होते, तेच त्याला आवर घालायला काढलेल्या नोटेवर विराजमान!

या धोरणाचे दुसरे टोक कोल्हापूरच्या गुजरीत होते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने, बाकी हिणकस. असे सोने कडक होते, रंगालाही उतरते. कोल्हापुरी साजाची लाख भरलेली नाजूक पाने घडवायला मऊ सोने लागते. देशभर हजारो सोनारांचे काम गेले. चौदा कॅरेटची अट पुढे उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. चोरटा व्यापारही थांबला नाही. जे धोरण इथल्या कारागिराचा हातोडा थांबवत होते, तेच देरातल्या व्यापाऱ्याचा तराजू हलता ठेवत होते.

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला आणि आखातातल्या लोकांच्या हातातली पुंजी त्यांचा काही दोष नसताना घटली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी स्वतःचा रियाल काढला. त्याची किंमत अवमूल्यनापूर्वीच्या एका रुपयाइतकी ठरवली होती. १९७३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम आला, तोही एका रियालला एक दिरहम या हिशेबाने. म्हणजे आजचा दिरहम हा वंशपरंपरेने आपला १९६६ पूर्वीचा रुपया आहे. आज त्या एका दिरहमासाठी वीसहून अधिक रुपये मोजावे लागतात.

दुबईत ‘परंपरा’ म्हणून दाखवतात ती अल फहिदी वस्तीतली वारा खेचणाऱ्या मनोऱ्यांची घरे. ही वस्ती मुख्यतः इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवली. तिथले जकातीचे ओझे वाढले तेव्हा दुबईच्या शेखांनी जकात माफ करून त्यांना जागा दिली. शेजारचे राज्य दार लावून घेते, तेव्हा आपले उघडे ठेवायचे, ही या शहराची खरी परंपरा. इराणने दार लावले तेव्हा व्यापारी मिळाले, भारताने लावले तेव्हा सोने मिळाले. चकचकीत मॉल ही त्याच दाराची नवी चौकट.

सोन्याच्या बाजारात एका दुकानात सुमारे ६४ किलोची अंगठी मांडली आहे. पर्यटक तिच्यासमोर छायाचित्रे काढतात. तिथे जाण्यासाठी लाकडी ‘अब्रा’तून खाडी ओलांडावी. भाडे एक दिरहम. त्या नाण्यामागे नाशिकरोडची छपाई, दिल्लीची बंदी आणि गुजरीतल्या सोनारांची रिकामी बसलेली वर्षे आहेत, एवढे ध्यानात घेऊन ते नावाड्याच्या हातावर ठेवावे.