स्कूल बोर्डाचे कामकाज आणि उर्दू शाळा : बेळगाव जिल्ह्याच्या संदर्भात

मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा कायद्यांच्या आधारे लिहिला जातो. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवून त्यासाठी स्कूल बोर्डांची तरतूद केली. बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता.

परंतु कायदा शाळेपर्यंत पोहोचे तो बोर्डाच्या साध्या कामकाजातून : शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, रजा, इमारतींचे भाडे, दुरुस्ती, अंदाजपत्रक. मराठी, कन्नड व उर्दू अशा तीन भाषांच्या जिल्ह्यात यातील साधी बाबही भाषेचा प्रश्न ठरू शके. एकशिक्षकी उर्दू शाळेचा शिक्षक रजेवर गेला आणि उर्दू जाणणारा बदली शिक्षक मिळाला नाही, तर शाळा कागदावर चालू व प्रत्यक्षात बंद राहणार, हे उघड आहे.

पुढे १९३८ च्या दुरुस्तीने सरकारी नियंत्रण वाढले, १९४७ मध्ये नवा कायदा आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एका जिल्ह्याच्या शाळांचा इतिहास त्यामुळे दोन राज्यांत विभागला गेला.

मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाचे कारण केवळ समाजाच्या उदासीनतेत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते. बोर्डांची इतिवृत्ते, हजेरीपट व बदलीचे हुकूम तपासल्याविना मुले शाळेत आली नाहीत की शिक्षकच आला नाही, याचा निर्णय करता येत नाही.