कासगंजचे लिव्हिंगस्टन

हडसन नदीच्या काठी सतराव्या शतकात जहागीर मिळवणाऱ्या एका स्कॉटिश घराण्याची वंशावळ लखनौच्या राजवाड्यापाशी येऊन पोचते, हे विधान ओढूनताणून केलेले वाटण्याचा संभव आहे. न्यूयॉर्कच्या लिव्हिंगस्टनांचा इतिहास अमेरिकेत भरपूर लिहिला गेला, कारण त्यांनी अमेरिकेला मुत्सद्दी, न्यायाधीश आणि गव्हर्नर दिले. त्या इतिहासात कासगंजला किंवा लखनौला जागा असलीच तर तळटीपेइतकी. माझे म्हणणे असे आहे की ही तळटीपच घराण्याच्या मूळ रीतीला सर्वात धरून आहे. सत्तेच्या सीमेवर जाऊन उभे राहायचे, तिथल्या वजनदार घरातली मुलगी करायची आणि दोन्हीकडच्यांना आपली गरज भासेल असे बघायचे, ही रीत लिव्हिंगस्टनांच्या मूळ पुरुषाने पाडली. त्याच्या पणतीच्या मुलाने ती हिंदुस्थानात पुन्हा चालवली. हे आपल्याला दिसत नाही, कारण वंशावळ आडनाव धरून चालते आणि मुलगी सासरी गेली की तिथे थांबते.

मूळ पुरुषापासून सुरुवात करू. रॉबर्ट लिव्हिंगस्टनचा जन्म १६५४ साली स्कॉटलंडमधल्या अँक्रम या गावी झाला. बाप प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. राजाच्या धर्मविषयक हुकमापुढे मान तुकवली नाही म्हणून त्याला देशाबाहेर काढले आणि कुटुंब रॉटरडॅमला गेले. मुलगा तिथेच वाढल्यामुळे त्याला डच भाषा घरच्यासारखी आली. १६७३ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पुढच्याच वर्षी आल्बनीला पोचला. आल्बनी हे तेव्हा विलक्षण ठिकाण होते: सत्ता इंग्रजांची, वस्ती डचांची आणि कातड्यांचा व्यापार मोहॉक वगैरे मूळ रहिवाशांशी. इंग्रजी आणि डच दोन्ही लिहू-बोलू शकणारा स्कॉटिश पोरगा अशा गावी मागे राहणे कठीणच. तो तिथला कारकून झाला आणि मूळ रहिवाशांशी होणाऱ्या वाटाघाटींचा सचिवही झाला. १६७९ मध्ये त्याने अलिडा स्कायलरशी लग्न केले. अलिडा बड्या डच घराण्यातली होती आणि तिचा पहिला नवरा व्हान रेन्सेलर कुटुंबातला होता. त्या कुटुंबाकडे न्यूयॉर्कमधली सर्वात मोठी जहागीर होती. लग्नाला सात वर्षे होतात न होतात तोच, १६८६ मध्ये, रॉबर्टला स्वतःच्या जहागिरीची सनद मिळाली. दोन लांबच्या जमिनी एकमेकींना लागून असल्याचे कागदावर दाखवून ती सुमारे १ लाख ६० हजार एकरांपर्यंत फुगवलेली होती. कुळे आणि गुलाम या दोघांच्या श्रमांवर ती चालली. घराण्याच्या वैभवाचा पाया रॉबर्टच्या हुशारीइतकाच अलिडाच्या नात्यागोत्यांवर घातलेला होता आणि वंशजांना ते ठाऊक असावे, कारण पुढच्या पिढ्यांतून अलिडा हे नाव फिरत राहिले.

त्याच नावाची एक पणती १७४७ मध्ये जन्मली. ही जहागिरीचा तिसरा मालक रॉबर्ट याची मुलगी. तिच्या एका काकाने, फिलिप लिव्हिंगस्टनने, १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. दुसरा काका विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि १७८७ च्या राज्यघटनेवर त्याची सही आहे. बहिणीचा नवरा जेम्स ड्युएन पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला. चुलत शाखेतल्या रॉबर्ट आर. लिव्हिंगस्टनने वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ दिली. या सगळ्या गोतावळ्यात अलिडाचा नवरा मात्र राजाच्या पलटणीतला: मेजर व्हॅलेंटाइन गार्डनर, इंग्लंडच्या सोळाव्या पायदळाचा अधिकारी. क्रांतीने हे घर मधोमध चिरले. त्यांचा मुलगा विल्यम लिनियस १७७०-७१ च्या सुमारास जन्मला, फ्रान्समध्ये वाढला आणि पोरवयातच इंग्रज सैन्यात नावापुरता अधिकारी झाला. आजोळी जहागीर होती, पण त्याच्या वाट्याला तलवार आली. मातुल घराणे नव्या देशाचे कारभारी होत असताना हा तरुण नोकरीसाठी हिंदुस्थानात उतरला.

येथून पुढची गोष्ट मराठी वाचकाच्या अंगणातली आहे. १७९८ मध्ये गार्डनर यशवंतराव होळकरांच्या चाकरीत शिरला आणि त्याने त्यांच्यासाठी कवायती पायदळ उभे केले. होळकरांनी त्याला वकील म्हणून खंबायतच्या नवाबाकडे पाठवले. दरबारात बोलणी चालू असताना पडद्याच्या फटीतून त्याने एक डोळ्यांची जोडी पाहिली आणि त्या मुलीला मागणी घातली, असे तो म्हातारपणी सांगत असे. मुलगी तेरा-चौदा वर्षांची होती, हेही त्याच हकिकतीत आहे. ते सोडून फक्त डोळ्यांचे कौतुक करणाऱ्यांची मला गंमत वाटते. पुढे होळकरांनी त्याला इंग्रज सेनापती लॉर्ड लेककडे बोलणीसाठी धाडले. परत यायला उशीर झाला, तेव्हा भर दरबारात महाराज म्हणाले की आज आला नसतास तर तुझ्या बायकोच्या तंबूच्या कनाती पाडल्या असत्या. गार्डनरने तलवार उपसली आणि गोंधळात निसटला. वाटेत पेशव्यांचे भाऊ अमृतराव यांच्या माणसांनी पकडले, तोफेला बांधले, तिथूनही सुटला आणि १८०४ मध्ये जयपूरला पोचला. होळकरांनी त्याच साली आपल्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांची मुंडकी उडवली होती, तेव्हा पळण्याची निकड खरी होती. या प्रसंगातली एक गोष्ट सहज निसटते. बेगम मागे छावणीतच राहिली होती आणि तिला कोणी धक्का लावला नाही, कारण तिचे माहेर तोलामोलाचे होते. आल्बनीत रॉबर्टला जे बळ अलिडाकडून मिळाले, तेच बळ गार्डनरला या खंबायतच्या मुलीकडून मिळाले.

१८०९ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी घोडदळ उभारले, १८१५ च्या कुमाऊं मोहिमेत नाव कमावले आणि शेवटी उत्तर हिंदुस्थानात कासगंजला जमीनजुमला घेऊन स्थिरावला. लखनौ येते ते इथे. मुघल बादशहा शाह आलमचा मुलगा मिर्झा सुलेमान शुकोह दिल्लीची दुर्दशा सोडून लखनौला येऊन राहिला होता. अवधच्या नवाबाच्या तनख्यावर त्याचा दरबार चाले आणि इन्शा, मुसहफी यांच्यासारखे शायर त्याच्या पदरी होते. १८१९ मध्ये गाजिउद्दीन हैदरने कंपनीच्या प्रोत्साहनाने नवाबाचा बादशहा होऊन घेतले. नव्या मुकुटाला जुन्या रक्ताची जोड हवी, म्हणून सुलेमान शुकोहची मुलगी त्याने आपल्या मुलाला, नासिरुद्दीन हैदरला, करून घेतली. बाप राजी नव्हता, पण तनखा देणाऱ्यापुढे त्याचे काय चालणार? याच राणीची बहीण मलका हुमानी बेगम. ती अकबर शाह दुसरे यांचा मुलगा मिर्झा सलीम याची बायको होती. कर्नल गार्डनरच्या मुलाने, जेम्सने, तिला पळवून नेले आणि नंतर तिच्याशी लग्न केले. लिव्हिंगस्टन जहागिरीच्या लेकीचा नातू अशा रीतीने अवधच्या बादशहाचा साडू झाला. सुलेमान शुकोहने १८२८ मध्ये लखनौ सोडले, तेव्हा काही काळ तो याच कासगंजला राहिला. १८३५ मध्ये त्याचा मुलगा मिर्झा अंजन शुकोह आणि कर्नलची नात सुझन यांचे लग्न मुघल थाटात लागले. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्या लग्नाला हजर होती आणि तिने त्याचा तपशील लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी जुलैत कर्नल वारला आणि महिन्याभरात बेगमही गेली.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा. पडद्यामागचे डोळे, तोफेला बांधणे, हे सगळे म्हाताऱ्या शिपायाचे किस्से आहेत आणि ते ऐकणारी पार्क्स रंगवून लिहिणारी होती. आक्षेप बरोबर आहे, पण तो किस्स्यांपुरता. सैन्याच्या नेमणुका सरकारी यादीत छापल्या गेल्या, घोडदळाची उभारणी कंपनीच्या दप्तरात आहे आणि सुझनचे लग्न पार्क्सने स्वतः पाहिले. माझा युक्तिवाद या सांगाड्यावर उभा आहे. तोफ काढून टाकली तरी तो पडत नाही. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे: ही तर गोऱ्या मुघलांची प्रेमकहाणी, तिला सोयरिकीचा व्यवहार म्हणणे रूक्षपणाचे. प्रेम असेलही. पण खंबायतच्या मुलीचे किंवा मलका बेगमचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आलेले नाहीत. आले ते नवऱ्याचे, सासऱ्याचे आणि पाहुण्या बाईचे. ज्यांचे तोंड बंद आहे त्यांच्या वतीने प्रेमाची ग्वाही देण्यापेक्षा त्या लग्नांनी काय घडवले ते पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार. आईकडून मोजायला लागलो तर पाच-सहा पिढ्यांत जो तो ज्याच्या त्याच्या नात्यातला निघेल. मग गार्डनरांना लिव्हिंगस्टन का म्हणायचे? सरसकट मोजणी निरर्थक, हे मान्य. पण आडनावाची मोजणी तरी कुठे निर्दोष आहे? व्हॅलेंटाइनचा भाऊ अ‍ॅलन आरमारात पराक्रम करून लॉर्ड गार्डनर झाला. १८८३ मध्ये तिसरा लॉर्ड औरस मुलाशिवाय मेला आणि वारस शोधताना नजर हिंदुस्थानाकडे वळली. अ‍ॅलनचा एक नातू स्ट्युअर्ट याने कर्नलची नात हुर्मुझी हिच्याशी लग्न केले होते. त्यांचा मुलगा अ‍ॅलन हाइड वारस म्हणून इंग्लंडच्या सरदारवंशांच्या ग्रंथात छापला गेला. ग्रंथकाराने त्याला स्ट्युअर्टमुळे आत घेतले. पण स्ट्युअर्टच्या अंगात लिव्हिंगस्टनांचे रक्त नाही. ते हुर्मुझीकडून आले. हडसनपासून कासगंजपर्यंतचा धागा जिथे सलग राहतो तिथे दोन्ही सांधे बायकांचे आहेत, अलिडा आणि हुर्मुझी. दोन्हीकडे गार्डनर हेच आडनाव दिसत असल्यामुळे हे आपोआप झाकले जाते.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांचा ढाचाही फारसा वेगळा नाही. मुलीचे नाव, सासरचे आडनाव, गाव आणि पुढे पूर्णविराम. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतही माणूस बाप आणि आज्यावरून सापडतो. श्राद्धासाठी ही व्यवस्था पुरेशी असेल, इतिहासासाठी ती पुरत नाही. लखनौने हे काम वेगळ्या वाटेने केले. जेम्स आणि मलका बेगम यांच्या मुलाचे नाव आजोबांवरून सुलेमान शुकोह गार्डनर ठेवले गेले आणि त्याने ‘फना’ या तखल्लुसाने उर्दूत शायरी केली. घराण्यातले आणखीही काही जण शायर झाले. त्यांची माहिती वंशावळकारांनी जमवली नाही. ती राम बाबू सक्सेना यांनी युरोपीय आणि इंडो-युरोपीय उर्दू-फारसी कवींवरच्या ग्रंथात जमवली आणि तो ग्रंथ १९४१ मध्ये लखनौच्या नवलकिशोर प्रेसने छापला. कासगंजच्या कर्नलने उभारलेले घोडदळ आज भारतीय लष्करात ‘सेकंड लान्सर्स (गार्डनर्स हॉर्स)’ या नावाने आहे. गार्डनरांचे लॉर्डपद १८८३ पासून कोणालाही मिळालेले नाही.