घडीतल्या कागदाचा खेळ

पॅरिसमध्ये र्‍यू द्यू शातोवरच्या 54 क्रमांकाच्या घरात 1925 च्या सुमारास झाक प्रेव्हेर, इव्ह तांगी, आंद्रे ब्रतों ही अतिवास्तववादी मंडळी एक खेळ खेळत. एकानं कागदावर नाम लिहायचं, घडी घालून कागद पुढे सरकवायचा. पुढच्यानं विशेषण, त्यापुढच्यानं क्रियापद. आधीचं कुणालाच दिसायचं नाही. शेवटी घडी उलगडून वाक्य मोठ्यानं वाचायचं. अर्थ भन्नाट, वाक्याची चौकट मात्र शाबूत!

अतिवास्तववाद्यांचा हा विरंगुळा फ्रेंचच्या वर्गात शिरला, हे भाषाशिक्षणाचं भाग्यच.

जुन्या व्याकरण-भाषांतर पद्धतीत पाठ सुरू होई तो नियम आणि शब्दयाद्यांनी. याउलट, 1978 मध्ये झाँ-मार्क कारे आणि फ्रान्सिस देबिझे यांनी फ्रेंचच्या वर्गातल्या खेळांवर आख्खं पुस्तकच काढलं.

घडीच्या या खेळाची खरी गंमत घडी उलगडल्यावर कळते. फ्रेंचमध्ये विशेषणाला नामाचं लिंग पाळावं लागतं आणि नाम तर दडलेलं! मग ‘हे स्त्रीलिंगी हवं’ म्हणत मुलंच वाक्य दुरुस्त करतात. घोकंपट्टीनं इतकी लवकर जीभ सुटत नाही. फ्रेंच शिकवणाऱ्यांनी तासाची पहिली पाच मिनिटं या खेळाला जरूर द्यावीत.