हॉटस्पॉटचे शुल्क : विकत घेतलेला डेटा कोणाचा?

मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉपला इंटरनेट देणे तुमच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची कल्पनाच चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत मात्र २०१० च्या सुमारास एटी अँड टी आणि व्हेरायझन या दोन मोठ्या कंपन्या यासाठी दरमहा २० डॉलर आकारत होत्या. हे शुल्क कसे आले, कोणत्या युक्तिवादावर टिकले आणि कोणत्या अटीमुळे मोडले, हे प्रस्तुत टिपणात आपण पाहू.

१. टेलिफोनच्या काळातील पूर्वपीठिका

या वादाचे मूळ स्मार्टफोनच्या आधीचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील टेलिफोन सेवेवर एटी अँड टीची जवळजवळ मक्तेदारी होती. तारा कंपनीच्या आणि यंत्रही कंपनीचे. ग्राहकाने त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायची नाही, असा नियम होता. आपले बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर बसवायचे ‘हश-अ-फोन’ नावाचे पेल्यासारखे साधे उपकरण मिळत असे. कंपनीने त्यालाही हरकत घेतली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने ही बंदी नाकारली. सार्वजनिक सेवेला अपाय होत नसेल, तर ग्राहक आपला फोन आपल्या सोयीने वापरू शकतो, असे तत्त्व त्यातून पुढे आले. १९६८ च्या ‘कार्टरफोन’ प्रकरणात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (यापुढे ‘आयोग’) ते आणखी विस्तारले. मोबाइल जाळ्यांना मात्र हे तत्त्व आपोआप लागू झाले नाही.

२. शुल्काचा उदय

२००८ च्या उन्हाळ्यात आयफोनच्या ॲप स्टोअरवर ‘नेटशेअर’ नावाचे ॲप आले. त्याने फोनचे इंटरनेट संगणकाला देता येई. ते लवकरच काढून टाकण्यात आले. जून २०१० मध्ये एटी अँड टीने ही सोय अधिकृतपणे दिली, पण तिचे दर नीट पाहा. २ जीबी डेटासाठी २५ डॉलर आणि टेदरिंगसाठी आणखी २० डॉलर. या २० डॉलरमध्ये जादा डेटा मिळत नव्हता. ज्या २ जीबीचे पैसे ग्राहकाने आधीच भरले होते, तेच लॅपटॉपवर वापरण्याची ही केवळ परवानगी होती.

कंपन्यांची बाजूही समजून घ्या. एका टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. ‘अमर्याद’ योजनेचे दर फोनच्या छोट्या पडद्यावरील वापर गृहीत धरून ठरवलेले होते. लॅपटॉप जोडला की वापर कितीतरी वाढतो आणि त्याचा भार इतरांवर पडतो. अमर्याद योजनेपुरता हा युक्तिवाद वजनदार आहे. मोजून विकलेल्या डेटाला मात्र तो लागू पडत नाही, कारण २ जीबी कोणत्याही पडद्यावर वापरले तरी २ जीबीच असतात.

३. अट आणि तिची अंमलबजावणी

निर्णायक वळण एका लिलावातून आले. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी मोकळ्या होणार होत्या. त्यातील ‘सी ब्लॉक’ घेणाऱ्याने ग्राहकाला स्वतःच्या पसंतीची उपकरणे व ॲप वापरण्यापासून रोखू नये, अशी अट आयोगाने २००७ मध्ये घातली. २००८ च्या लिलावात व्हेरायझनने सी ब्लॉकचे बहुतांश परवाने मिळवले आणि त्यांवर आपली ४जी सेवा उभारली.

तरीही टेदरिंगची ॲप आपल्या ग्राहकांना मिळू नयेत, अशी मागणी व्हेरायझनने गूगलच्या ॲप बाजाराकडे केली. जून २०११ मध्ये ‘फ्री प्रेस’ या संस्थेने लिलावाच्या अटीवर बोट ठेवून आयोगाकडे तक्रार नेली. ३१ जुलै २०१२ रोजी तडजोड झाली. व्हेरायझनने साडेबारा लाख डॉलर भरले आणि ॲपवरील हरकत मागे घेतली. डेटा मोजून घेणाऱ्या ग्राहकांना आता वेगळे शुल्क न देता अशी ॲप वापरता येणार होती. जुन्या अमर्याद योजनेच्या ग्राहकांना मात्र हे संरक्षण मिळाले नाही.

त्यामुळे वाद अमर्याद योजनांपुरता शिल्लक राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये टी-मोबाइलने टेदरिंग लपवून प्रचंड डेटा वापरणाऱ्या मोजक्या ग्राहकांना कारवाईचा इशारा दिला. असा वापर ओळखण्याची एक खूण सोपी आहे. प्रत्येक डेटा-पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक टप्प्यावर तो १ ने घटतो. फोनचे स्वतःचे पाकीट ६४ हा आकडा घेऊन निघत असेल, तर लॅपटॉपचे तसेच पाकीट फोनमधून बाहेर पडताना ६३ दाखवते.

४. निष्कर्ष

१९५६ ते २०१२ या काळात तंत्रज्ञान पार बदलले, पण प्रश्न तोच राहिला : सेवा विकल्यानंतर तिचा वापर कोणी ठरवायचा? व्हेरायझनच्या प्रकरणात त्याचे उत्तर लहरींच्या परवान्यातील अटीने दिले. लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. ती देताना सरकार जी अट लिहून घेते, तिच्याच आधारे पुढे नागरिकाला दाद मागता येते. अट लिहिली गेली, पण ती अमलात येण्यासाठी कोणाला तरी तक्रार करावी लागली, हेही विसरू नका.

विचारार्थ प्रश्न : भारतात ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये आशयानुसार डेटाचे वेगळे दर लावण्यास मनाई केली. उपकरणानुसार वेगळे दर लावणे हा त्याच प्रकारचा भेदभाव ठरेल का? मोजलेला डेटा आणि अमर्याद डेटा यांचा वेगवेगळा विचार करून उत्तर लिहा.