मराठी वेबसाइट बनवताना : डहाणू-तलासरीच्या नावांवरून शिकूया उपयोगी कोड

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे गुजरातच्या सीमेजवळचे दोन तालुके. इथे मराठी, वारली आणि गुजराती या तिन्ही भाषा कानावर पडतात. अशा भागासाठी शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा चिकू विक्रीची वेबसाइट बनवताना इंग्रजीसाठी लिहिलेला तयार कोड उचलून लावला, तर तो बऱ्याचदा मराठीत चुकतो. पान दिसते व्यवस्थित, पण शोध लागत नाही, अर्ज भरला जात नाही. वापरणाऱ्याला वाटते की माहितीच नाही किंवा आपलेच काहीतरी चुकले. पुढील छोटे उपाय या चुका टाळतात. (कोडमधील नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची असतात.)

१. सुरुवातीच्या दोन ओळी

पानाच्या ‘हेड’ भागात मेटा टॅगमध्ये ‘कॅरसेट’ यूटीएफ-८ असावा आणि ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ असावी. पहिल्यामुळे ब्राउझर अक्षरे बरोबर वाचतो. दुसऱ्यामुळे मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. पानावर गुजराती परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला ‘जीयू’ आणि वारली असेल तर ‘व्हीएव्ही’ हा संकेत द्यावा.

अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर दोष बहुधा डेटाबेसच्या कॅरसेटमध्ये असतो. तिथेही यूटीएफ-८ हवे. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावे.

२. बोर्डीचे ‘बोर’ होऊ नये

‘बोर्डी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र त्यात सहा चिन्हे मोजतो : ब, ओकार, र, हलन्त, ड आणि दीर्घ ईकार. मथळा छोटा करण्यासाठी ‘स्लाइस’ने पहिली तीन चिन्हे घेतली, तर हाती ‘बोर’ येते. गावाचे फळ होते!

जागा कमी असल्यामुळे मजकूर कापायचा असेल, तर ते काम सीएसएसच्या ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो : एलिप्सिस’वर सोपवावे. कोडमध्येच कापायचे असेल तर जावास्क्रिप्टचे ‘इंटल.सेगमेंटर’ वापरावे. २०२४ पासून ते सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. जुन्या आवृत्त्या जोडाक्षर मध्येच तोडू शकतात, म्हणून शक्य तिथे पूर्ण शब्दावरच थांबावे.

अर्जातील ‘मॅक्सलेंग्थ’ही अशीच चिन्हे मोजते. इंग्रजी नावासाठी पुरणारी २० ची मर्यादा मराठी नावाला अपुरी पडू शकते. एसएमएसचेही तसेच आहे. साध्या इंग्रजी संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरी संदेशात फक्त ७०.

३. ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधले तरी सापडत नाही?

‘ऱ्य’ टाइप करण्याच्या अनेक पद्धती आहेत. कुणाचा कीबोर्ड ‘ऱ’ हे एकच चिन्ह देतो, कुणाचा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन, तर कुणाचा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे ‘झेडडब्ल्यूजे’ हे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे योजनेचे पान वेबसाइटवर असूनही शोधात येत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. आधी मजकुरावर ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ‘एनएफसी’ पर्यायासह चालवावे. त्याने पहिल्या दोन पद्धती एक होतात. मग ‘रिप्लेस’ वापरून तिसऱ्या पद्धतीतील र, हलन्त व झेडडब्ल्यूजे यांच्या जागी ‘ऱ’ व हलन्त ठेवावे. हे काम मजकूर साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा करावे.

४. ४०१६०२ आणि अंकांचा घोळ

डहाणू रोडचा पिनकोड कुणी देवनागरी अंकांत भरला, तर जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ फंक्शन त्याला संख्या मानत नाही. ‘कोणताही अंक’ शोधणारी नेहमीची रेग्युलर एक्स्प्रेशनही तो ओळखत नाही. बरोबर पिनकोड चुकीचा ठरतो आणि अर्ज अडतो.

युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात. म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की मूळ संख्या मिळते. तपासणीआधी एवढा बदल करून घ्यावा. उलट दिशेने, संख्या मराठीत दाखवायची असेल तर ‘इंटल.नंबरफॉरमॅट’ला ‘एमआर-आयएन’ सांगितले की १,२३,४५६ असे लाखाच्या स्वल्पविरामासह उत्तर येते.

५. जिल्हा कोडमध्ये पक्का करू नये

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर डहाणू आणि तलासरीपुढे ‘जि. ठाणे’ असणारच. म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत आणि जुन्या कागदावरचा जिल्हा चूक ठरवू नये.

६. दिसणे आणि वजन

‘लेटर-स्पेसिंग’ वाढवले की शिरोरेषा तुटते, म्हणून मराठी मथळ्यांना ते शून्य ठेवावे. ‘लाइन-हाइट’ साधारण १.६ ठेवली तर मात्रा आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत. ‘फॉन्ट-डिस्प्ले : स्वॅप’ लिहिल्यास फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसतो. नेटवर्क कमजोर असलेल्या पाड्यावर कोरे पान बघत बसावे लागत नाही.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘तलासरी’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. त्यामुळे सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली कॉम्प्रेशन सुरू ठेवावे.

कामाच्या तीन सवयी

• ‘बोर्डी’, ‘शेतकऱ्यांसाठी’ (तिन्ही पद्धतींनी) आणि ‘४०१६०२’ यांची चाचणी यादी ठेवावी आणि प्रत्येक बदलानंतर ती चालवावी.
• गिटमध्ये मराठी फाइलनावांऐवजी आकडे दिसत असतील, तर ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करावे.
• पान प्रसिद्ध करण्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ३जी निवडून ते उघडावे आणि मग एकदा साध्या फोनवर, मराठी कीबोर्डनेच, पूर्ण अर्ज भरून पाहावा.