बॅरीचं खातं

सेंट बर्नार्ड कुत्रा म्हटला की गळ्यात ब्रँडीचं छोटं पिंप आलंच. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी हा कुत्रा आणला, तेव्हा त्यांनीही मला हेच ऐकवलं. "अहो, याचे पूर्वज आल्प्समध्ये पिंप घेऊन हिंडायचे. बर्फात अडकलेल्या माणसाला आधी ब्रँडी पाजायची, मग घरी आणायचं!" आमच्या गल्लीत हा क्रम उलटा आहे. ब्रँडी आधीच घेतलेल्या माणसाला घरी आणावं लागतं, आणि ते काम कुत्र्याच्या नव्हे, बायकोच्या वाट्याला येतं. पण ते असो. मी पडलो बँकेतला कारकून. व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद पुढे सरकू द्यायची नाही, ही वीस वर्षांची खोड. म्हणून या कुत्र्याचं खातं मी मुळापासून तपासायला घेतलं.

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. उंची २,४६९ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई रचावी, आणि वर बर्फ ओतावं. अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या संताने तिथे वाटसरूंसाठी मठ बांधला. आपल्या भाषेत धर्मशाळाच. दारात आलेल्या कुणाला परत पाठवायचं नाही, असा नियम. आता असा नियम केला की भल्या माणसांबरोबर चोरही येणार. म्हणून सतराव्या शतकात मठात दांडगे कुत्रे आले ते राखणीसाठी. मूळ नेमणूक वॉचमनची! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तर एका कुत्र्याला स्वयंपाकघरात चाकात घालून, मांस भाजायची सळई फिरवायला लावल्याची नोंद आहे. नेमणूक एका खात्यात आणि काम भलत्याच खात्यात, ही पद्धत इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

पुढे वाटाड्यांबरोबर जाता जाता कळलं, की धुक्यात या कुत्र्याला वाट सापडते आणि बर्फाखाली गाडलेला माणूस वासाने कळतो. शिकवणी कसली नाही. जुन्या कुत्र्यांबरोबर नवे जायचे आणि बघून शिकायचे. साधारण दोनशे वर्षांत सुमारे दोन हजार माणसं या कुत्र्यांमुळे वाचली, असा हिशेब सांगतात.

त्यात सर्वांत नावाजलेला बॅरी. जन्म १८००. त्याच वर्षी मे महिन्यात नेपोलियन चाळीस हजारांचं सैन्य घेऊन ही खिंड ओलांडून गेला. खालच्या गावाने सैन्याला जे पुरवलं त्याचे पैसे देण्याचं त्याने लेखी कबूल केलं. गाव तो कागद जपून बसलं आणि अखेर १९८४ साली फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी एक प्रतीकात्मक भेट देऊन प्रकरण मिटवलं. एकशे चौऱ्याऐंशी वर्षं, आणि व्याज शून्य! अशी वसुली आमच्या शाखेत कुणी केली असती, तर त्याची बदली कुठे झाली असती ते सांगवत नाही.

बॅरीने चाळीसहून अधिक माणसं वाचवली, असं मानतात. पॅरिसजवळ अस्निएर इथे प्राण्यांची दफनभूमी आहे. तिथल्या त्याच्या स्मारकावर कोरलंय, की चाळिसांना त्याने वाचवलं आणि एक्केचाळिसाव्याने त्याला मारलं. डोळ्यांत पाणी येतं. फक्त ते खरं नाही. बॅरी १८१२ साली निवृत्त होऊन बर्न शहरात गेला आणि दोन वर्षांनी म्हातारपणाने वारला. पण पेन्शनरच्या मरणावर कोण स्मारक बांधतो?

पिंपाचंही तसंच. मठातले कुत्रे पिंप बांधून हिंडत असल्याचा पुरावा नाही. ते आलं १८२० साली, लँडसियर नावाच्या, अजून विशीही न गाठलेल्या इंग्रज चित्रकाराच्या चित्रातून. वर, दारूने अंगातली ऊब उलट लवकर जाते. म्हणजे ब्रँडी पाजली असती, तर हिशेब चाळिसापर्यंत पोचता ना.

आता मुख्य नोंद. बॅरी होता पंचेचाळीस किलोच्या आसपास. आजचा सेंट बर्नार्ड ऐंशीच्या पुढेही जातो. १८३०च्या सुमारास मठाने न्यूफाउंडलंड जातीशी संकर करून पाहिला, पण लांब केसांत बर्फाचे गोळे लटकू लागले. कामाला ते निरुपयोगी. तशी पिल्लं खाली खोऱ्यात दिली गेली. पुढे हौशी लोकांनी कुत्रा वाढवत नेला. मोठं डोकं, मोठा देह, मोठी कीर्ती. इतकं, की बर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेला बॅरी आपल्याच वंशजांसारखा दिसेना. मग १९२३ साली त्याला नव्याने मढवताना त्याचं डोकं नव्या फॅशनप्रमाणे मोठं केलं! पणतू आजोबांवर गेला नाही, म्हणून आजोबांचंच नाक बदलायचं. मागच्या तारखेची अशी दुरुस्ती कुठल्या ऑडिटरने चालवून घेतली असती?

या वाढीव देहाचा खर्च मात्र कुत्र्याच्या नावे पडला. खुब्याचे सांधे निकामी होतात, पोटाला पीळ पडून जीव जातो, ऊन सोसवत नाही, आणि आयुष्य जेमतेम आठ ते दहा वर्षं. चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याला आता सातवं लागलंय. साहेब चैत्रापासून दिवसरात्र एसी लावतात आणि स्वतः सदऱ्याला ठिगळ लावतात. मागचे पाय उचलत नाहीत म्हणून कुत्र्याच्या पोटाखालून जुनी चादर घेतात. दोन टोकं साहेबांच्या हातात, दोन बाईंच्या. असं तिघं लिफ्टपर्यंत येतात. परवा एक टोक माझ्या हातात आलं. सदऱ्याला लाळ लागली. ही म्हणाली, "असू दे, धुऊन टाकीन." मुलांनी तसा सदरा आणला असता, तर ही वेगळंच बोलली असती.

मठालाही हा खर्च झेपेना. माणसं शोधायचं काम हेलिकॉप्टरकडे गेलं होतं, १९६४ साली खिंडीखालून बोगदा झाला, आणि कुत्र्यांचं खाणंपिणं मूठभर पाद्र्यांच्या अंगावर. २००४ साली त्यांनी कुत्रे देऊन टाकायचं ठरवलं. २००५ साली त्यासाठी एक प्रतिष्ठान निघालं, त्याचं नावही बॅरीच. कुत्रे आता खाली मार्टिनी गावात असतात. उन्हाळ्यात काहींना वर मठात नेतात, लोक फोटो काढतात. बॅरी हे नाव कायम एका कुत्र्याला द्यायचं, ही प्रथा मात्र त्यांनी मोडलेली नाही. एक बॅरी गेला की दुसऱ्याच्या नावावर तेच खातं पुढे चालू.